फटी भरल्या तरी दर हिवाळ्यात पुन्हा उघडतात: लाकडी मॉडेल जहाजाच्या पट्ट्यांचं दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल. पावसाळ्यात घरी बसून जहाजाच्या हलवर, म्हणजे धडावर, लाकडी पट्ट्या चिकटवल्या. गणपतीपर्यंत पॉलिश पेपर मारून हल अंड्यासारखा गुळगुळीत झाला. दिवाळीत आलेल्या पाहुण्यांनी हात फिरवून कौतुक केलं. आणि संक्रांतीच्या सुमाराला खिडकीतल्या उजेडात धरून पाहिलं, तर दर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक काळी रेघ. नख अडकणार नाही, पण ब्लेडचं पातं सहज जाईल एवढी. लांबी (लाकडाची पुट्टी) भरली, घासली, रंग मारला. पुढच्या संक्रांतीला रेघा तिथंच, आणि या खेपेला जरा रुंद.

माझ्याकडे हे तीन वर्षं चाललं. पहिल्या वर्षी मी फेव्हिकॉलला दोष दिला. दुसऱ्या वर्षी पट्ट्या कापून देणाऱ्या वखारीला. तिसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताला. तिघंही जवळपास निर्दोष होते. खरी चूक लांबी भरण्याच्या वेळेत होती, आणि ती मी दरवर्षी नेमाने करत होतो.

मॉडेल कोणतं ते सांगायला हवं, कारण पुढची मापं त्याचीच आहेत. एचएमएस ट्रिंकोमाली, ३८ तोफांच्या वर्गातलं लेडा जातीचं फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. ब्रिटिश आरमाराचं जहाज, पण जन्म मुंबईच्या गोदीतला. जमशेटजी बोमनजी वाडिया हे तेव्हाचे मुख्य जहाजबांधणीकार. १८१६ मध्ये काम सुरू करताना कीलमध्ये (तळाच्या कण्यात) चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. त्याआधीचा एक किस्सा मला फार आवडतो: या जहाजाचे नकाशे घेऊन निघालेलं एचएमएस जावा हे फ्रिगेट डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने हरवलं, नकाशे त्याच्याबरोबर गेले आणि मुंबईला नव्या प्रतींची वाट बघत बसावं लागलं. आपल्याला नकाशाची पीडीएफ दोन दिवस उशिरा आली तरी आपण चिडतो.

ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजूनही पाण्यावर तरंगते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे. माझं मॉडेल १:६४ चं, म्हणजे तोफांच्या डेकची लांबी साधारण ७१ सेंटिमीटर आणि रुंदी १९. प्लायवूडच्या बल्कहेडांचा (आडव्या फासळ्यांचा) सांगाडा, त्यावर बासवूड या मऊ लाकडाच्या ५ मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा पहिला थर आणि वर सागवानाचा पातळ दुसरा थर.

आधी फट ओळखा

सगळ्या फटी एका जातीच्या नसतात आणि उपायही एक नसतो. मी पहिली दोन वर्षं इथेच वाया घालवली, म्हणून जरा सावकाश सांगतो.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च हलच्या आत ठेवा आणि बाहेरून बघा. डेक बसवला असेल तर टॉर्च बाहेरून तिरपा धरा. उजेडाची रेघ जहाजाच्या जवळपास पूर्ण लांबीभर, एकसारख्या रुंदीची, आणि अशा रेघा बऱ्याच सांध्यांमध्ये दिसत असतील, तर पट्ट्या आखडल्या आहेत. हा लेख त्याबद्दल आहे.

फट फक्त नाळेपाशी म्हणजे पुढच्या टोकाला असेल, टोकाकडे रुंद आणि मागे सरकत मिटत गेलेली असेल, तर तो आखडण्याचा प्रकार नाही. पट्टी तुम्ही आडवी वाकवायचा प्रयत्न केलात. पट्टी जाडीच्या दिशेने वाकते, रुंदीच्या दिशेने ओढली की एक कड वर उचलते. तिथे पट्टी निमुळती करायला हवी होती. माझ्या हलवर मधल्या बल्कहेडाजवळ कीलपासून वेलपर्यंत (हलच्या बाजूच्या जाड फळ्यांच्या पट्ट्यापर्यंत) दोरा लावून मोजलं तर १३० मिलिमीटर, म्हणजे २६ पट्ट्या. पण नाळेपाशी तेच अंतर ८५ भरलं. २६ पट्ट्या तिथे मावायच्या तर प्रत्येकीला सव्वातीन मिलिमीटरवर यावंच लागतं. आणि पट्टी निम्म्यापेक्षा अरुंद व्हायची वेळ आली, तर ती तशी करू नका, दोन पट्ट्या मिळून एक करा. हे न करता नुसता क्लॅम्प आवळला, तर ती कड आज ना उद्या उठणारच, पावसाळा असो की उन्हाळा.

फट एखाद्याच बल्कहेडावर असेल आणि तिथे हात फिरवल्यावर टेंगूळ लागत असेल, तर बल्कहेडाची कड नीट घासलेली नाही. आणि अख्ख्या हलवर एकच मोठी चीर असेल, बाकी सगळे सांधे घट्ट, तर ते आखडणंच, पण दुसऱ्या रूपातलं: तुम्ही पट्ट्यांच्या कडा एकमेकींना इतक्या पक्क्या चिकटवल्यात की सगळी कातडी एकसंध झाली, आणि आखडताना तिला सगळ्यात कमजोर जागी फाटावं लागलं. माझ्या ओळखीच्या एकाचं मॉडेल असं मधोमध उललं होतं. इन्स्टंट ग्लूने कडा चिकटवल्या होत्या. सांधे जागचे हलले नाहीत, चीर पट्टीच्या पोटातून गेली.

लाकूड का उलतं

उलणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मालवणला मावशीकडे लहानपणी किनाऱ्यावर उलटी घातलेली एक होडी पाहिली होती. फळ्यांच्या मधून पलीकडची वाळू दिसायची. मला वाटलं मोडकी आहे. तिथे काम करणारे सुतारमामा हसले: "सुकली म्हणान उललीहा. तिका पाणी दाखय, आपसूक मिटतली." दोन दिवस ओहोटीच्या पाण्यात टेकवून ठेवली आणि खरंच मिटली. पावसाळ्यात होड्या वर काढल्यावर त्यांना झापांनी शाकारून ठेवतात ते नुसतं पावसासाठी नाही, मध्येच पडणाऱ्या कडक उन्हासाठीही असतं.

तर ट्रिंकोमालीचे सांधे दोनशे वर्षांनी टिकून आहेत त्यातला एक भाग हा, की ती पाण्यात आहे. पाण्याखालच्या फळ्या फुगून एकमेकींना दाबून धरतात. आपलं मॉडेल काचेच्या पेटीत, पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत असतं. त्याला पाणी कोण दाखवणार?

लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. त्या हवेत राहिलेल्या लाकडात वजनाच्या १७-१८ टक्के पाणी मुरतं. आर्द्रता ५० टक्क्यांवर आली, मग ती हिवाळ्यातल्या दुपारी असो की एसीमुळे, की तेच लाकूड ९ टक्क्यांपर्यंत उतरतं. पूर्ण ओल्यापासून खडखडीत सुकेपर्यंत बासवूड रुंदीत सुमारे ९ टक्के आखडतं. आपल्या घरातला फरक त्याच्या चौथ्या भागाइतका, म्हणजे ५ मिलिमीटरची पट्टी साधारण ०.१२ मिलिमीटरने अरुंद होते. ऐकायला काहीच नाही. पण २६ पट्ट्यांची बेरीज तीन मिलिमीटरच्या वर जाते, आणि १:६४ च्या हिशेबाने प्रत्येक सांध्यात ८ मिलिमीटरची भेग पडते. खऱ्या जहाजावर एवढी भेग असती तर पंपावरच्या खलाशांचं काही खरं नव्हतं.

लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. ७० सेंटिमीटरच्या पट्टीत अर्धा मिलिमीटरही नाही. आणि खालचं प्लायवूड तर कोणत्याच दिशेने फारसं हलत नाही, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे असतात. म्हणून गोची अशी होते: सांगाडा जागचा हलत नाही, त्याला चिकटलेली प्रत्येक पट्टी आपापल्या जागी आखडते, आणि फरक सांध्यात दिसतो. फेव्हिकॉलचा यात काही संबंध नाही. उलट त्याने पट्टी बल्कहेडाला घट्ट धरून ठेवली म्हणून तर फट सांध्यात पडली.

मग फट भरल्यावर ती पुन्हा का येते?

लाकूड सगळ्यात आखडलेलं असतं जानेवारी ते मार्चमध्ये. फटी दिसतात तेव्हाच, त्यामुळे आपण लांबी भरतोही तेव्हाच. लांबी सुकून दगडासारखी होते. जून येतो, पट्ट्या ओल पिऊन फुगायला लागतात, पण त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आता लांबी बसली आहे. पट्टीला जायला जागा नाही. मग तिच्या कडेचे तंतू स्वतःच चेपले जातात. चेपलेलं लाकूड पुन्हा पूर्ण उसळत नाही. पुढच्या हिवाळ्यात पट्टी आखडते ती आधीच चेपलेल्या रुंदीपासून, म्हणून फट गेल्या वर्षीपेक्षा मोठी. तुम्ही ती पुन्हा भरता. पुढचं वर्ष आणखी वाईट.

माझ्या हलवर डाव्या बाजूच्या चौथ्या सांध्यात पट्टी उचकटून पाहिली तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. पट्टीची कड भिंगाखाली धरली तर आतल्या बाजूचे तंतू सरळ होते आणि लांबीला टेकलेले बाहेरचे तंतू दातांनी चावलेल्या पेन्सिलीसारखे चपटे. लांबीची रेघ मात्र अखंड, एका बाजूला नीट चिकटलेली, तिच्यावर ओरखडाही नाही. तिथून पुढे मी हिवाळ्यात लांबीचा डबा उघडणं बंद केलं.

पट्टी वजन करून ओळखा

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र चारेकशे रुपयांत मिळतं आणि ते घ्याच. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. यंत्र हवा मोजतं, लाकूड हवेच्या मागून येतं, कधी आठवडाभर उशिराने. लाकडालाच विचारायचं तर त्याचं वजन करा.

मी बासवूडच्या उरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा बांधला, जुलैच्या शेवटी बरोबर १०० ग्रॅम भरेल एवढा. सोनार वापरतात तसला खिशातला काटा आहे माझ्याकडे. गठ्ठा मॉडेलच्या कपाटालाच खिळ्यावर टांगला आणि रविवारी सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, मागे भिंतीवर पेन्सिलीने लिहायचं. बायको म्हणाली, बाळाचं वजनसुद्धा इतकं नेमाने केलं नव्हतंत. ऑक्टोबर उलटला तसं वजन उतरायला लागलं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी ९३ ग्रॅम. मार्चमध्ये ९३ वरच टेकून राहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चढायला लागलं.

म्हणजे माझ्या खोलीची वरची हद्द १०० आणि खालची ९३. पट्ट्या चिकटवायच्या त्या गठ्ठा ९६ च्या आसपास असताना. मग पावसाळ्यात फुगायचं ते निम्मंच फुगतील आणि हिवाळ्यात आखडायचं ते निम्मंच आखडतील. अगदी सुक्या लाकडाने काम केलं तर फटी पडणार नाहीत हे खरं, पण जुलैमध्ये पट्ट्या एकमेकींना ढकलत मधूनच फुगून वर येतील, आणि ते फटीपेक्षा वाईट दिसतं. तुमचे आकडे वेगळे निघतील. पुण्यात, नागपुरात उन्हाळा इतका कोरडा असतो की खालची हद्द बरीच खाली जाईल. रत्नागिरीत कदाचित माझ्यापेक्षा वर राहील. दुबईत किंवा कॅनडात हीटरच्या घरात असाल तर गणित पूर्ण वेगळं. म्हणून माझे आकडे उचलू नका, गठ्ठा बांधा.

पावसाळ्यातच सवड मिळते ही आपली खरी अडचण. त्यावर तोड जुनी आहे: हार्मोनियम आणि कॅमेरे बुरशीपासून वाचवायला कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, तसंच. एका लाकडी पेटीत २५ वॉटचा जुना बल्ब, वर-खाली चार भोकं, बल्बभोवती जाळी आणि पट्ट्यांपासून वीतभर अंतर. एलईडी चालणार नाही, त्याला ऊब नसते. नमुन्याचा गठ्ठाही आतच ठेवायचा आणि तो ९६ वर आला की बल्ब बंद. पेटीतून एका वेळी चार पट्ट्याच काढायच्या, कारण पातळ लाकूड बाहेर ठेवलं की एका रात्रीत पुन्हा ओल पितं. पट्ट्या लावून झालेला हलही रात्री मोठ्या खोक्यात बल्बखाली.

भिजवून वाकवणं, हा खरा घातक रिवाज

नाळेपाशी पट्टी वाकवायला ती पाण्यात भिजवायची, वाकवायची, चिकटवायची, असं सगळे सांगतात. तिसरी पायरी चुकीची आहे. अर्धा तास भिजलेली पट्टी रुंदीत फुगते, ५ ची सव्वापाचच्या आसपास होऊन बसते. ती शेजारणीला घट्ट भिडवून चिकटवलीत आणि दुसऱ्या दिवशी ती सुकली, की फट तयार. यात हिवाळ्याची वाटही बघावी लागत नाही. माझ्या नाळेजवळच्या फटी मधल्या भागापेक्षा मोठ्या का होत्या, त्याचं उत्तर हेच निघालं.

भिजवा, वाकवा, आणि त्याच जागी पिना व क्लॅम्प लावून कोरडीच रात्रभर सोडा. सकाळी काढा, आकार राहिलेला असतो. मग शेजारच्या पट्टीशी जुळवून कड घासा आणि तेव्हा फेव्हिकॉल. किंवा पाण्याचा नादच सोडा: सोल्डरिंग आयर्नला गोल डोकं लावून त्यावर कोरडी पट्टी हळूहळू ओढली की बासवूड छान वळतं. सागवान जरा कुरकुरतं, त्याला फडक्याची ओल आणि मग ताप.

कडा एकमेकींना चिकटवायच्या की नाही, यावर मतभेद आहेत. माझं मत: पहिल्या थरात चिकटवू नका. फेव्हिकॉल बल्कहेडावर. कडेला फक्त वाकण्यापुरता टिपका, नाळ आणि मागच्या भागात.

आतली बाजू विसरलेली असते

बाहेरून आपण तीन हात वार्निश मारतो आणि आतून हल उघडं लाकूड असतं. ओल आतून येते-जाते. शिवाय एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी पट्टी असली की ती पन्हळीसारखी वाकते, कडा उचलतात. डेक बसवायच्या आधी आतून लाखेचं पॉलिश किंवा सँडिंग सीलर, दोन हात, बल्कहेडांच्या कोपऱ्यांसकट. याने ओल थांबत नाही, कुठल्याच वार्निशने थांबत नाही, पण तिचा वेग मंदावतो. चार दिवसांचा कोरडा वारा मग लाकडाला कळतच नाही.

सागवानाचं काय

मुंबईच्या गोदीची जहाजं मलबारी सागाची. ओकमधलं आम्ल लोखंडी बोल्ट खातं, सागातलं तेल त्यांना जपतं, म्हणून ती जहाजं लांब टिकली. मग आपलं मॉडेलही सागाचंच हवं असा माझा हट्ट. एका पाडलेल्या चाळीच्या दाराची चौकट मिळाली, ऐंशी वर्षं तरी वाळलेली, तिच्या पट्ट्या कापून घेतल्या.

आखडण्याच्या बाबतीत साग गुणी आहे. तोच ५ मिलिमीटरचा हिशेब सागात ०.०७ वर येतो, आणि पट्टी अशी कापली असेल की वर्तुळांच्या रेघा तिच्या तोंडाला उभ्या दिसतील, तर ०.०३ च्या आसपास. वखारीत कापून घेताना एवढं एकच सांगा, रेघा अशा उभ्या येतील तसा तुकडा धरून कापा. कापणारा वैतागतो, पण कापतो.

दोन तोटे. सागाची छिद्रं मोठी असतात, १:६४ ला ती फळीवर कोणी खिळे मारून उपटल्यासारखी दिसतात. बारीक सीलर भरून घासावं लागतं. आणि तेलामुळे फेव्हिकॉल धरत नाही. चिकटवायच्या अगदी आधी, पाच मिनिटांच्या आत, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलंत तर तेल पुन्हा वर आलेलं असतं.

आता पडलेल्या फटी

हल आधीच झालेला असेल तर सगळं उचकटायची गरज नाही. गठ्ठा मधल्या वजनावर येईपर्यंत थांबा. तेव्हाही ज्या फटी उघड्या दिसतील तेवढ्याच भरायच्या. अर्ध्याअधिक आपोआप मिटलेल्या असतात. जुनी लांबी सुईने किंवा मोडक्या हॅकसॉच्या पात्याने खरवडून पूर्ण काढा. मग त्याच लाकडाची केसासारखी चिपळी काढा, एका कडेला फेव्हिकॉल लावून फटीत सरकवा, दुसरी कड कोरडी राहू द्या. एका बाजूने चिकटलेली चिपळी पट्टीबरोबर फुगते, पट्टीबरोबर आखडते. कंटाळवाणं काम आहे. एका बाजूला मला नऊ संध्याकाळी लागल्या.

खाली तांब्याचे पत्रे लावायचेच आहेत, मग कशाला कष्ट, असं मलाही वाटलं होतं. १:६४ ला एक पत्रा जेमतेम १९ बाय साडेपाच मिलिमीटर. खालची पट्टी हलली की पत्र्यांची ओळ वेडीवाकडी होते आणि उजेडात ती फटीपेक्षा जास्त दिसते. पत्रे नंतर काढणं म्हणजे शिक्षा.

काचेची पेटी केलीत तर ती हवाबंद करू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर गरम करून पुन्हा वापरा, पण तळाला दोन बारीक भोकं हवीतच. काही लाकडांतून आणि आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून आम्लाची वाफ निघते. कोंडली की शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी धरते. तोफा शिशाच्या असतील तर दर दिवाळीला एकदा बघत जा.

दोऱ्यांचं उलटं गणित

एका जुन्या छोट्या ब्रिगवर (दोन डोलकाठ्यांच्या जहाजाच्या मॉडेलवर) मला हे वेगळ्या तऱ्हेने भोवलं. सुती दोरा ओला झाला की पिळामुळे लांबीत आखडतो, सुकला की सैलावतो. लाकडाच्या नेमकं उलट. डोलकाठी लांबीत हलत नाही. जानेवारीत तारेसारखे ताणून बांधलेले शराउड (डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर) जुलैमध्ये इतके आवळले की सगळ्यात वरची काठी धनुष्यासारखी पुढे वाकली. पावसाळ्यात बांधले असते तर हिवाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबले असते.

मी आता उभ्या दोऱ्यांना पॉलिस्टर वापरतो, मेणातून ओढून. नायलॉन नको, ते ओलीत उलट लांबतं. आणि शराउडच्या खालच्या तीन भोकांच्या लाकडी चकत्यांमधून जी दोरी ओवतो, तिच्या शेवटच्या गाठीला वर्षभर डिंक लावत नाही. एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्यायचा, गाठ सोडून एकदा सारखं करायचं, मग थेंब. खऱ्या जहाजावर त्या दोऱ्या त्यासाठीच असतात, वेळोवेळी आवळायला.

ट्रिंकोमालीच्या वेलखालच्या पट्ट्या गेल्या वर्षी पुन्हा बसवल्या. या जानेवारीत टॉर्चने पाहिलं तर मागच्या भागात, उजवीकडे, दोन सांध्यांत उजेड आला. ते दोन्ही मी भिजवलेल्या जुन्या पट्ट्यांचे, जुन्याच ठेवलेले. त्यांना हात लावलेला नाही. वेलच्या वरच्या पट्ट्या राहिल्या आहेत, पण परवा रविवारी गठ्ठा ९८ भरला, म्हणून तोवर तोफांचे गाडे करत बसलोय. मुख्य डेकच्या २८ पैकी ११ झाले.